मुलींचा हंगाम

पायाशी आलेला चेंडू हातात उचलून द्यायचा नाही, लाथेनेच परत पाठवायचा, हे मी डोंबिवलीच्या नेहरू मैदानाच्या कडेला उभी राहून शिकले. ऐंशीचं दशक होतं. आम्हा मुलींच्या वाट्याला लंगडी, खो-खो, फार तर थ्रोबॉल. फुटबॉलला कुणी नाही म्हटलं नव्हतं; आमच्यासाठी संघच नव्हता. त्याच सुमारास भारताच्या मुली कोझिकोडला आणि नंतर १९८३ मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या होत्या. शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. हे सगळं मला कळलं ते नोकरीला लागल्यावर, कितीतरी वर्षांनी.

म्हणून जानेवारी २०१७ मध्ये दिल्लीत इंडियन विमेन्स लीग सुरू झाली तेव्हा मी मोबाइलवर मिळेल तो सामना पाहिला. संघ सहा, त्यांत एक आपला, एफसी पुणे सिटी. १४ फेब्रुवारीला मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० असं हरवलं, आणि हंगाम संपलासुद्धा. पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. पुढची वर्षं हेच. शिलाँग, लुधियाना, बेंगळुरू, एकेका गावात सगळे संघ गोळा व्हायचे आणि खेळून पांगायचे. खर्च वाचत असेल, पण उरलेलं वर्ष खेळाडूने काय करायचं? पगार नाही, सराव नाही, दुखावलेला गुडघा बरा होईपर्यंत स्पर्धाच संपलेली. आणि आपल्या गावातल्या माणसांसमोर खेळणं तर नाहीच.

त्या काळात एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली लीगमध्ये होत्या. कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि तालमींची ईर्षा. पाटाकडील की दिलबहार, यावर घराघरांत वाद. त्या गावाचं नाव छातीवर लावून मुली देशपातळीवर उतरल्या, याचा मला आजही अभिमान वाटतो.

२०२३-२४ मध्ये लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळली गेली. सात संघ, प्रत्येकाचे बारा सामने. विजेतेपद ओडिशा एफसीकडे गेलं. पुढच्या वर्षी संघ आठ झाले आणि ईस्ट बंगालने बाजी मारली. खरा हंगाम म्हणावा असे हे दोन. त्या दोन्हींत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. २०२२ मध्ये महिला आशियाई चषक ज्या राज्यात झाला, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत ज्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, त्या राज्याचा एक संघ नाही. मला हे फार लागतं.

ती अंतिम लढत पाहायला मी भाचीला घेऊन गेले होते. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने नेरूळ. स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तेही स्वयंगोलावर. भाची मात्र गोलपेक्षा कोलंबियाच्या मुलींचं धावणं बघत होती. ती स्वतः विंगला खेळते. सराव भाड्याच्या टर्फवर, तासाचे पैसे सगळ्यांनी वर्गणी काढून भरायचे. परतताना लेडीज डब्यात ती मोजे झटकते, तेव्हा टर्फमधले काळे रबरी दाणे खाली सांडतात. सकाळी तेच दाणे आमच्या न्हाणीघरात सापडतात.

मोकळं मैदान मिळालं तर काय होतं, हे मुंब्र्याने दाखवलं आहे. ‘परचम’ संस्थेने २०१२ च्या सुमारास तिथल्या मुलींच्या हाती फुटबॉल दिला. मुलींनी मैदान हवं म्हणून सह्या गोळा केल्या, घरच्यांना समजावलं आणि त्या खेळू लागल्या. लोकलने डोंबिवलीपासून मुंब्रा किती लांब? कोपर आणि दिवा, की आलंच.

राष्ट्रीय लीगमधला संघ एका रात्रीत उभा राहत नाही. आधी शाळा, मग गावातली लीग, मग जिल्हा, आणि या सगळ्याखाली एक मैदान लागतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या मैदानांवर आठवड्यातल्या निदान दोन संध्याकाळी फक्त मुलींच्या फुटबॉलसाठी राखून ठेवाव्यात, दिवे आणि स्वच्छतागृहासकट. आणि त्या संध्याकाळी तुम्ही बघायला या, घरातल्या मुलीला घेऊन.