थांब्यांचा हिशोब

२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात. ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात, आणि नव्याने येणारा प्रत्येक जण ते ऐकल्यावर एकच प्रश्न विचारतो: स्पीड किती ठेवायची? मुरलेले स्वार त्याला उत्तर देण्याआधी दुसराच प्रश्न करतात. थांबणार किती वेळा, आणि किती किती वेळ?

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलेला एक मराठी स्वार आणि त्याचे तीन मित्र गेली काही वर्षं या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागले आहेत. चौघांपैकी एकाचं घर मूळचं आंध्रचं, एकाचं केरळचं, तिसरा शेजारच्या दुर्गचा छत्तीसगढी. आपापसात सगळे हिंदी बोलतात. भिलाईत हे वेगळं वाटत नाही, कारण इथल्या पोलाद कारखान्यानेच देशभरची माणसं इथे आणून एका गल्लीत राहायला लावली.

या गावाला सायकलही नवी नाही. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. हँडलला डबा, कॅरिअरला पिशवी, अंगात खाकी. या मराठी स्वाराचे वडील त्या लोंढ्यात होते. त्यांची सायकल काळी, जड, बावीस इंची. मुलाची हलकी, बारीक टायरची, बुटाला पायडल अडकणारी. वडिलांच्या पिढीला सायकलवरून कामावर जायचं होतं. मुलाला रविवारी पहाटे जीई रोडने शिवनाथ ओलांडून राजनांदगाव, तुमडीबोड, चिचोला करत बाघ नदीपर्यंत जायचं असतं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं असतं. ही फेरी २०० च्या आसपास भरते, म्हणून सरावाला बरी.

ब्रेव्हेचा उगम पाहिला तर मित्रांनी मिळून सायकल चालवणं हा तिचा मूळ धर्मच होता. १८९७ मध्ये काही इटालियन स्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचं अंतर एका दिवसाच्या उजेडात कापलं. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांज यांनी १९०४ मध्ये ही पद्धत फ्रान्समध्ये आणली. तिच्यात सगळ्यांनी एका कॅप्टनच्या मागे, एका वेगाने, एकत्र जायचं. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन ही संस्था त्याच वर्षी उभी राहिली. १९२१ मध्ये मात्र याच क्लबने मुक्त गतीची ब्रेव्हे सुरू केली. ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावं, वेळेत कंट्रोल, म्हणजे वाटेतले तपासणीचे थांबे, गाठावेत, कार्डावर शिक्का घ्यावा. आज भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली ज्या बीआरएम नावाच्या ब्रेव्हे होतात, त्या या मुक्त गतीच्या घराण्यातल्या. निकालात पहिला-दुसरा नसतो. नऊ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांची नोंद सारखीच.

म्हणजे नियम सांगतो की तू एकटा आहेस. गाडी मागे लावायची नाही, बाहेरची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. आणि तरीही बहुतेक लोक मित्रांबरोबर निघतात. कुणी सक्ती केलेली नसताना चौघांनी एकत्र राहायचं ठरवणं आणि ते ३०० किलोमीटर निभावणं, हीच या छंदातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

रस्त्यावर एकत्र राहणं त्या मानाने सोपं. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने जाताना स्वाराची अर्ध्याहून अधिक ताकद हवा कापण्यात खर्च होते, आणि वेग वाढेल तशी ही मागणी झपाट्याने चढते. पुढच्याच्या चाकाला चाक लावून राहिलं की मागच्याला उसंत मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोसमात समोरचा वारा लागला तर आळीपाळीने पुढे राहायचं, पुढच्याने रस्त्यावरचं जे दिसेल ते ओरडून सांगायचं: ‘गड्ढा!’, ‘ब्रेकर!’, ‘ट्रॅक्टर!’ मागच्याने तेच शब्द त्याच्या मागच्याला द्यायचे. धानकापणीनंतर छत्तीसगढच्या रस्त्यांवर यातला तिसरा शब्द फार महत्त्वाचा ठरतो. खरेदी केंद्रांकडे निघालेल्या धानाच्या ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच असं नाही, आणि गावालगत अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं असतं.

खरी गाडी अडते ती चाक थांबल्यावर.

चहाच्या टपरीसमोर चौघं उतरतात. एकाला चहा हवा असतो. चहा येईपर्यंत दुसऱ्याला आठवतं की बाटली भरायची आहे. ती भरून होते तोवर तिसऱ्याला गरम मुंगोडी दिसते, आणि छत्तीसगढात रस्त्याकडेच्या कढईतून मुंगोडी किंवा आलूगुंडा निघताना पाहून पुढे जाणं कुणालाच जमत नाही. चौथा इतका वेळ नुसता बसलेला असतो. सगळे हेल्मेट घालू लागले की तो म्हणतो, ‘एक मिनट, आता हूँ,’ आणि झाडामागे जातो. पाच मिनिटांचा थांबा पंचवीसवर गेलेला असतो. यात कुणीही आळशी नसतं, प्रत्येकाची गरज खरी असते. फक्त त्या एकापाठोपाठ एक भागवल्या जातात.

आकड्यांत मांडलं की हे नीट दिसतं. ६०० किलोमीटर ताशी २२ च्या सरासरीने चालवले तर चाकं फिरण्याचा वेळ होतो २७ तास १६ मिनिटं. ४० तासांतून झोप, जेवण, पंक्चर, शिक्के या सगळ्यासाठी उरतात पावणेतेरा. सरासरी २४ वर नेली तर आणखी सव्वादोन तास हातात येतात, पण सरासरी २ किलोमीटरने वाढवायला वर्षभराचा घाम लागतो. उलट, वाटेतल्या बारा थांब्यांवर प्रत्येकी बारा मिनिटं वाचवली तर जवळपास तेवढाच, २ तास २४ मिनिटांचा वेळ मिळतो, आणि त्यासाठी पायांत काडीचंही जास्त बळ लागत नाही.

म्हणून या चौघांनी थांबण्याचा रियाज केला. थांबा येण्याआधीचे २ किलोमीटर बोलण्यासाठी राखीव: पाणी कुणाला, कुणाला नको, खायचं बसून की खिशात घालून. उतरल्यावर एक जण चौघांच्या बाटल्या घेऊन हापशाकडे, एक जण ऑर्डर द्यायला, एक जण शिक्क्याला किंवा एटीएमच्या पावतीला, कारण आडरात्री शिक्का मारायला कुणी नसेल तर वेळ छापलेली पावती पुरावा म्हणून चालते. चौथा सायकलींपाशी थांबून टायर बोटांनी तपासतो. पुढच्या थांब्याला कामं बदलतात.

पंक्चरचंही असंच. महामार्गावर पंक्चर होण्याचं मोठं कारण खिळे किंवा काटे नसून ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून बाहेर पडलेल्या पोलादी तारा असतात. केसाएवढी बारीक तार टायरमध्ये रुतून बसते. रात्री घाईघाईने ट्यूब बदलली आणि तार तशीच राहिली, तर २ किलोमीटरच्या आत नवी ट्यूबही बसते. म्हणून चौघं सायकल डांबरापासून चांगली दूर, मातीत नेतात. मागून येणाऱ्या ट्रकना दिसावं म्हणून एका सायकलचा लाल दिवा रस्त्याकडे तोंड करून ठेवतात. एक जण चाक काढतो, दुसरा लिव्हर लावून टायरची एक बाजू उचलतो. टॉर्च धरणारा टायर आतून उलटा करतो आणि हातमोजा काढून बोटाचं टोक अगदी हळू फिरवतो. टोचलं की त्या जागी नखाची खूण. मग चिमटा. तार निघाली की ती सगळ्यांना दाखवायची, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला, कारण निघाली असं नुसतं म्हटल्याने शेवटच्या १०० किलोमीटरमध्ये मनाची चुळबुळ थांबत नाही. तोवर चौथ्याने नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला गोल आकार दिलेला असतो, म्हणजे ती टायरखाली चिमटत नाही.

इथवरची कामं शिकता येतात. मित्राचं थकणं ओळखणं त्याहून नाजूक. दमलेला माणूस दमलो असं म्हणत नाही. ४०० च्या ब्रेव्हेत पहाटे तीन वाजता तर मुळीच नाही. या चौघांच्या अनुभवात पहिली खूण आवाजाची असते. पुढून आलेला ‘गड्ढा’ तो मागे देत नाही. हाक त्याच्यापाशी येऊन विरते. दुसरी खूण खिशाची: दोन तासांत त्याने खिशात हात घातलेला नसतो. पोट रिकामं राहिलं की डोकं सुस्त होतं, आणि सुस्त डोक्याला खायचं सुचत नाही. अशा वेळी ‘कुछ खाएगा?’ विचारून उपयोग नसतो, उत्तर ‘नहीं’च येतं. सोललेलं केळं थेट हातात द्यावं लागतं.

आणि जो हळू आहे त्याच्यावर मित्रांच्या घोळक्यात एक अन्याय नकळत होत राहतो. तिघं कंट्रोलवर आधी पोहोचतात, बसतात, खातात. तो वीस मिनिटांनी येतो, तेव्हा तिघं ताजेतवाने होऊन ‘चलें?’ म्हणत उभे असतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती सर्वांत कमी. यावर त्यांनी काढलेला उपाय साधा आहे. थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोहोचल्यावर लावायचं, आणि तो यायच्या आत त्याची थाळी, भरलेली बाटली, ओआरएसचं पाकीट तयार ठेवायचं. सोबत म्हणजे नुसतं थांबून राहणं अशी अनेकांची समजूत असते. ताटकळत, चिडून थांबलेले तीन मित्र त्या चौथ्याला जेवढे जड होतात, तेवढा समोरचा वाराही होत नाही.

नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली, त्यामागेही हीच शिस्त होती. सुमारे ४,८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. एक भाऊ सायकलवर असताना दुसऱ्याने गाडीत खायचं, झोपायचं, आणि पाळी आली की उतरायचं. घड्याळ अखंड चालू. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच स्पर्धा एकेकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत संपवली. एकट्याच्या त्या पराक्रमातही गाडीतली माणसं रात्रंदिवस खाणं, पाणी, कपडे हातात देत होती. ब्रेव्हेत ती गाडी नसते. तिचं काम मित्रांना वाटून घ्यावं लागतं.

वेगळं होण्याची वेळही येते. कुणाचा गुडघा धरतो, कुणाचं पोट बिघडतं. अशा वेळी रस्त्यात, थकलेल्या डोक्याने चर्चा केली की भांडणं होतात आणि ती पुढे महिनोन्‌महिने पुरतात. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्रीच ठरवलेलं बरं. २०० ला चौघं शेवटपर्यंत एकत्र. ३०० आणि ४०० ला परतीच्या वळणापर्यंत एकत्र, पुढे घड्याळ बघून दोन-दोनच्या जोड्या. रात्री एकट्याला कुणीही सोडायचं नाही, वेळेत पोहोचणं हुकलं तरी. परावर्तक जाकीट आणि दिवे नियमानेच लागतात, पण बॅटरी संपलेल्या, झापड आलेल्या माणसाला ते दिवे वाचवत नाहीत, शेजारी बोलणारा माणूस वाचवतो.

सध्या चौघांच्या बोलण्यात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस असते. १८९१ मध्ये शार्ल तेरों याने ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा ती शर्यत होती. आता दर चार वर्षांनी होणारी, सुमारे १,२०० किलोमीटरची आणि ९० तासांची ब्रेव्हे आहे. २०२३ नंतरची पुढची २०२७ च्या ऑगस्टमध्ये, आणि तिच्यात उतरायचं तर त्या मोसमात २०० पासून ६०० पर्यंतच्या चारही ब्रेव्हे पूर्ण झालेल्या हव्यात. ताशी २२ ने मोजलं तर चाकं फिरतील साडेचोपन्न तास, उरतील साडेपस्तीस. ऐकायला भरपूर वाटतात. पण तिथे जगभरचे हजारो स्वार त्याच कंट्रोलवर, त्याच जेवणाच्या आणि शिक्क्याच्या रांगेत असतात, आणि चौघांची कामं चौघांत वाटायची युक्ती शिक्क्याच्या रांगेत चालत नाही. तिथे ज्याचं कार्ड त्यानेच उभं राहायचं. तेव्हा कुठली कामं वाटता येतात आणि कुठली नाहीत याची यादी करायला त्यांनी घेतली आहे. केरळी मित्राचं म्हणणं आहे की जेवण रांगेबाहेर, गावातल्या बेकरीत उरकावं. दुर्गवाल्याला ते मान्य नाही. परक्या देशात पहाटे चारला बेकरी उघडी असेलच कशावरून, असं तो विचारतो.