तांदळाची रवानगी

गोंडपिपरी तालुक्याच्या हद्दीत रेल्वेचा रूळ नाही. वर्धा नदीच्या पलीकडे, राजुऱ्याच्या बाजूने, दिल्लीहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग विरूरवरून निघून जातो, आणि आमच्याकडच्या मनुष्यास गाडी धरावयाची असल्यास एस.टी.ने आधी बल्लारपूर गाठावे हाच आजवरचा शिरस्ता आहे. तेथल्या बल्लारशाह जंक्शनावरून बंगळूरची गाडीही जाते. परंतु कन्येने विमानाचे तिकीट काढून पाठविले असल्याकारणाने, दक्षिणेतील बंगळुरास पोचण्यासाठी मी प्रथम उत्तरेस नागपूरकडे प्रस्थान ठेवले. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण तेथे प्रवासी विमान उतरत नाही. राजुरा तालुक्यातील विहीरगाव-मूर्तीच्या नियोजित विमानतळाची वार्ता मात्र आम्ही इतकी ऐकली आहे की, पावसापाण्याच्या गोष्टी संपल्या म्हणजे चावडीवर तीच निघते.

सामान म्हणजे एक जुनी ट्रंक आणि एक चुंगडी. ट्रंकेत लाखोरीची डाळ, जवसाची चटणी, कोहळ्याचे सांडगे आणि चारोळी. चुंगडीत घरचा एच.एम.टी. तांदूळ. हा तांदूळ आमच्याच जिल्ह्याचे अपत्य आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातले अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या वाणाच्या पिकात काही निराळ्या लोंब्या दिसल्या; त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या आणि बारीक दाण्याचा, चवीचा एक नवा वाण सिद्ध केला. पुढे एका व्यापाऱ्याने त्याला, त्या काळी मनगटामनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचे नाव देऊन टाकले. खोब्रागडे २०१८ साली निवर्तले. ज्या धान्याने गावोगावच्या अडत्यांच्या पेढ्या भरल्या, त्याच्या जनकाच्या पदरी फारसे द्रव्य पडले नाही, याचा विषाद तो तांदूळ शिजताना मला हटकून होतो. सौभाग्यवतींना असा विषाद होत नाही. बंगळुरात भात चांगला मिळत नाही, एवढेच त्यांचे मत, आणि ते मत चुंगडीच्या तोंडाशी पक्के शिवलेले होते.

बल्लारशाहहून नागपूरपर्यंत काही अडले नाही. शयनयान वर्गात ४० किलो सामान विनाशुल्क नेण्याची मुभा आहे, आणि ते वजन करून पाहण्याची तजवीज कोणी करीत नाही. खिडकी, बाक, बाकाखालची जागा, शेजाऱ्याचे सौजन्य असे सर्व मार्ग तेथे ओझ्याला मोकळे असतात.

खरी परीक्षा नागपूर स्थानकाच्या पूर्वद्वाराबाहेर, मेट्रोच्या त्या आखूड प्रवासात होती. क्ष-किरणांच्या यंत्रातून चुंगडी सरकली तेव्हा पडद्याकडे पाहत रक्षकाने विचारले, “का घेऊन जाऊन राहिले जी काका एवढं?” मी म्हटले, “तांदूळ.” “साराच?” “साराच.” त्याने हरकत घेतली नाही, मात्र चुंगडीवर थाप मारून खात्री करून घेतली. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी पंचनामे लिहिले आहेत. इतका संक्षिप्त पंचनामा मात्र माझ्या दप्तरात एकही नसेल.

मेट्रोच्या डब्याला उघडणारी खिडकी नाही. आपल्या देशात आगगाडी आली त्या दिवसापासून जड सामानाचा एक राजमार्ग खिडकी हा होता: माणूस दारातून आणि बोचके खिडकीतून, अशी ती वाटणी होती. येथे दार आपोआप उघडते आणि थोडक्याच अवकाशात आपोआप मिटते, आणि ट्रंक आधी की चुंगडी आधी की स्वतः आधी, हा निर्णय तेवढ्यात घ्यावा लागतो. मी आत आणि तांदूळ फलाटावर अशी फाळणी झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची, हे कोठेच लिहिलेले नव्हते. कॉटन मार्केट गेले आणि सीताबर्डीला गाडी बदलण्यासाठी एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणे आले. सरकत्या जिन्यावर चुंगडी ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही. तेव्हा एका महाविद्यालयीन मुलीने न विचारता चुंगडीचा एक कान धरला, दुसरा मी धरला, आणि आम्ही उद्वाहनापर्यंत गेलो. आभार मानण्याच्या आत ती दिसेनाशी झाली.

तेथून पुढे मात्र बसावयास जागा मिळाली. अजनी चौकानंतर वर्ध्याच्या रस्त्यावर एक चमत्कारिक रचना लागते: जमिनीवर जुना रस्ता, त्याच्या डोक्यावर उड्डाणपूल, आणि त्याच खांबांवर सर्वांत वर आमची गाडी. तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा दुमजली सेतू आहे. एवढ्या उंचीवरून नागपूर पाहण्याचा माझा प्रसंग पहिलाच. पण माझे अर्धे लक्ष, खरे सांगावयाचे तर, चुंगडीच्या शिवणीकडे होते.

‘एअरपोर्ट’ नावाच्या स्थानकावर उतरले म्हणजे विमानतळ आला असे होत नाही. स्थानक हमरस्त्यावर आहे आणि विमानतळाची इमारत सामानासह पायी जाण्याजोगी नाही इतकी आत, तेव्हा रिक्षा करावी लागली. सोनेगावच्या ह्याच तळावर १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत आपापल्या शहरांकडे परतत. देशाच्या मध्यावर वसल्याचा असा रोकडा लाभ नागपूरला त्या काळी मिळाला.

विमान कंपनीच्या काट्याने १५ किलोंची मुभा केव्हाच ओलांडली. तेथली मुलगी अदबीने म्हणाली, “काका, थोडा तांदूळ कमी करता का? बाहेर कोणी न्यायला आहे का?” बाहेर कोणी नव्हते. मी जादा वजनाचे शुल्क भरले आणि पावती मागून घेतली. बंगळुरात पोचल्यावर कन्येने सांगितले की, इमारतीखालच्या दुकानात एच.एम.टी. मिळतो. मी भाव विचारला. तो आमच्या अडत्याच्या भावाहून बराच वर होता, परंतु पावतीवरची रक्कम मिळवून पाहता माझाच तांदूळ महाग ठरत होता; आणि हा हिशेब मी गोंडपिपरीस अद्याप कळविलेला नाही.