हिरवळीखालचा बाजार

इंग्लंडच्या पश्चिमेला असलेल्या ब्रिस्टल शहराच्या मध्यभागी, पाण्याच्या काठाला लागून, कॅसल पार्क नावाची प्रशस्त बाग आहे. ऊन पडले की कचेऱ्यांतली माणसे खाण्याचे डबे घेऊन हिरवळीवर येतात. मुले धावतात, तरुण मंडळी गप्पा छाटत बसतात. या साऱ्यांच्या मधोमध छप्पर नसलेले एक दगडी चर्च उभे आहे. नवख्या पर्यटकाला वाटते, बागेची शोभा वाढावी म्हणूनच हे अवशेष राखले असावेत. पण खरा प्रकार उलटा आहे. आधी चर्च होते, त्याच्या भोवती दाट वस्तीचे गाव होते, गजबजलेला बाजार होता. बाग आली ती फार नंतर, १९७८ मध्ये.

शनिवारची संध्याकाळ

बागेच्या नावातला किल्ला सतराव्या शतकाच्या मध्यावर क्रॉमवेलच्या राजवटीत पाडला गेला. त्या जागेवर कॅसल स्ट्रीट वसला आणि वाढत वाढत शहराची मुख्य बाजारपेठ बनला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ज्यांचे बालपण ब्रिस्टलमध्ये गेले, त्यांच्या आठवणींत हा रस्ता हमखास येतो, आणि तोही शनिवारच्या संध्याकाळचा. दुकाने उशिरापर्यंत उघडी असत. खरेदी असो वा नसो, घरोघरची माणसे नटूनथटून तिथे एक फेरी मारीत. ओळखीचे चेहरे भेटत, मुले दुकानांच्या काचांना नाक लावून उभी राहत.

शेजारच्या मेरी-ले-पोर्ट स्ट्रीटची गंमत वेगळीच होती. हा रस्ता इतका अरुंद होता, की जुन्या घरांचे वरचे मजले पुढे झुकून एकमेकांना भेटायला आल्यासारखे दिसत. वाइन स्ट्रीटवर १७७४ मध्ये कवी रॉबर्ट साउदीचा जन्म झाला होता. त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर सतराव्या शतकातले, लाकडी चौकटीचे उंच डच हाउस होते. सेंट पीटर्स चर्चच्या मागे सेंट पीटर्स हॉस्पिटल नावाची नक्षीदार लाकडी इमारत होती. नाव हॉस्पिटलचे असले तरी तिने व्यापाऱ्याचे घर, साखरेचा कारखाना, नाण्यांची टांकसाळ आणि गरिबांचे आश्रयस्थान अशी अनेक रूपे पाहिली होती.

एका रविवारची रात्र

२४ नोव्हेंबर १९४० हा रविवार होता. संध्याकाळी जर्मन विमाने आली आणि काही तासांत हा सारा भाग पेटला. सुमारे दोनशे माणसे त्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. कॅसल स्ट्रीट, वाइन स्ट्रीट, मेरी-ले-पोर्ट स्ट्रीट, सगळे गेले. डच हाउस आणि सेंट पीटर्स हॉस्पिटल नष्ट झाले. सेंट पीटर्स, सेंट मेरी-ले-पोर्ट, सेंट निकोलस आणि टेंपल ही चार जुनी चर्च आतून जळून खाक झाली. पुढे ११ एप्रिल १९४१ च्या हल्ल्यात विजेचा पुरवठा तुटला. शहरातल्या ट्राम त्या रात्री थांबल्या त्या कायमच्याच.

असे असले तरी जुना बाजार गेला त्याचा सगळा दोष बॉम्बवर टाकता येत नाही. युद्धानंतर महापालिकेने मोठी बाजारपेठ जवळच्याच ब्रॉडमीड भागात उभारायचे ठरवले. १९४७ मध्ये व्यापाऱ्यांनी लोकांचे मत अजमावले, तेव्हा कौल मोठ्या फरकाने जुन्या जागेच्या बाजूने पडला. पण तो मानला गेला नाही. ज्या जागेवर शनिवारी सारे शहर लोटत असे, तिथे कित्येक वर्षे नुसत्या मोटारी उभ्या राहत. सेंट मेरी-ले-पोर्टचा मनोरा युद्धानंतर बांधलेल्या कचेऱ्यांच्या इमारतींमागे अनेक दशके दडून राहिला. त्या कोपऱ्यावर नव्या इमारती बांधण्याच्या योजनेला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

जे उरले ते

तरीही ब्रिस्टलला जाणाऱ्याने हे हरवलेले गाव पायी फिरून पाहावे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून गाडी पावणेदोन तासांच्या आत टेंपल मीड्सला पोहोचते. तिथून जवळच टेंपल चर्चचा कललेला मनोरा आहे. हल्ल्यानंतर आलेल्या सैनिकांना तो बॉम्बमुळेच कलला आहे असे वाटले आणि ते तो पाडायला निघाले. तो शतकानुशतके असाच कललेला आहे, हे गावकऱ्यांनी सांगितले तेव्हा कुठे तो वाचला, असे सांगतात. या चर्चमधले पंधराव्या शतकातले पितळी झुंबर आता ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये आहे.

पूल ओलांडला की सेंट निकोलस चर्च लागते. युद्धानंतर तिथे काही काळ संग्रहालय होते. २०१८ पासून तिथे पुन्हा प्रार्थना होऊ लागली. जवळच १७४३ पासूनचा सेंट निकोलस बाजार आहे. त्याच्या दर्शनी इमारतीसमोर, कॉर्न स्ट्रीटवर, चार पितळी मेजे रोवलेली आहेत. व्यापारी त्यांच्यावर रोख पैसे मोजून व्यवहार पुरा करीत. वरच्या घड्याळाला मिनिटांचे दोन काटे आहेत. एक लंडनची वेळ दाखवतो आणि दुसरा त्याहून सुमारे दहा मिनिटे मागे असलेली ब्रिस्टलची स्वतःची वेळ. १८५२ मध्ये शहराने लंडनची वेळ स्वीकारली. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून 'बॉम्बे टाइम'च्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना या दुसऱ्या काट्याचे नवल वाटणार नाही.

भारतीय प्रवाशाची पावले आर्नोज व्हेल स्मशानभूमीकडेही वळतात. राजा राममोहन रॉय २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ निवर्तले. द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने उभारलेली त्यांची छत्रीवजा समाधी इथे आहे. त्यांच्या काळचे ब्रिस्टल म्हणजे तेच जुने, अरुंद गल्ल्यांचे गाव. परदेशी पाहुण्याची समाधी राहिली आणि त्या गल्ल्या मात्र गेल्या.

कॅसल पार्कमधल्या सेंट पीटर्सच्या भिंतीवर हवाई हल्ल्यांत बळी पडलेल्या नागरिकांची नावे आहेत. ती वाचली जातील, जपली जातील. पण डाव्या हाताला कोणते दुकान होते आणि मेरी-ले-पोर्ट स्ट्रीटवर दुपारीही ऊन कसे पोहोचत नसे, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, त्या वेळची ती आठ-दहा वर्षांची मुले आता नव्वदी ओलांडून गेली आहेत. बागेतल्या बाकावर अशा वयाचे कुणी आजी-आजोबा बसलेले दिसले, तर छायाचित्र काढण्याची घाई न करता आधी त्यांना एवढेच विचारावे, कॅसल स्ट्रीट नेमका कुठून जात होता? त्यांच्या बोटाच्या खुणेवर तो रस्ता हिरवळीतून पुन्हा एकदा उमटेल.