काँगोच्या काठची प्रयोगशाळा

दोन राजधान्या एकमेकींच्या इतक्या जवळ जगात क्वचितच सापडतील. काँगो नदीच्या दक्षिण तीरावर किन्शासा आणि समोरच्या तीरावर ब्राझाव्हिल. संध्याकाळी या काठावर उभे राहावे आणि परक्या देशातले दिवे मोजीत बसावे! एका बाजूला बेल्जियनांनी राज्य केले, दुसऱ्या बाजूला फ्रेंचांनी. दोघेही गेले, पण नदी मध्ये ठेवून गेले. येथे पात्र एवढे फुगते की त्याला नदी न म्हणता तलावाचेच नाव दिले आहे, मालेबो. जलपर्णीची हिरवी बेटे संथपणे वाहत येतात आणि पुढे थोड्याच अंतरावर धबधब्यांत जाऊन फुटतात. धबधब्यांखाली आगबोट चालत नाही. म्हणूनच हे शहर येथे वसले. १९६६ पर्यंत त्याचे नाव लिओपोल्डव्हिल होते.

किन्शासाचा माणूस मोठा हौशी. रस्त्यात लाल चिखल घोट्यापर्यंत असेल, पण त्यातून जाणाऱ्या गृहस्थाचा कोट कडक इस्त्रीचा आणि बूट आरशासारखे. "म्बोते" म्हणून तो तुम्हांला नमस्कार करील आणि मगच कामाचे बोलेल. बाजारात गेलो तर आपल्या ओळखीची एकच गोष्ट दिसली, आणि तीही ओळखू न येण्याच्या वेषात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा येथे रोजचे अन्न आहे. कंद भिजवून, आंबवून, कुटून, पानांत बांधून वाफवतात. त्याला क्वांगा म्हणतात. त्याच झाडाचा पाला कुटून पामतेलात शिजवला की पोंदू होते. पोंदू आपल्या अळूच्या फदफद्याची मावसबहीण शोभेल. क्वांगाचे मात्र मला जमले नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेल्या जिभेला हा रबरी, आंबूस गोळा म्हणजे नातलगाने ओळख न दाखवण्यासारखे वाटते.

पण मी किन्शासाला गेलो तो खाण्यासाठी नव्हे. गोंबे म्हणून वकिलातींचा एक भाग आहे, तेथे राष्ट्रीय जीववैद्यक संशोधन संस्था आहे. फ्रेंच आद्याक्षरांवरून लोक तिला 'इ-एन-एर-बे' म्हणतात. पुण्याची आपली विषाणुसंस्था बाहेरून पाहणाऱ्याला आत काय चालते याचा पत्ता लागत नाही, तसेच येथेही. १९८४ साली स्थापन झालेली ही संस्था कितीतरी वर्षे जुन्या इमारतींत कशीबशी चालली. जपानच्या मदतीने बांधलेली नवी वास्तू २०२० साली उघडली. फाटक, पहारेकरी, आवारात चिखलाने माखलेल्या मोटारी. या आवारात एका माणसाच्या आयुष्याची गोष्ट दडलेली आहे, आणि ती समजली म्हणजे आफ्रिकेत रोगसंशोधक होणे म्हणजे काय हे थोडेफार कळते.

ज्याँ-जाक मुयेंबे यांचा जन्म १९४२ चा, बांदुंदू प्रांतातला, शेतकऱ्याच्या घरचा. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत. ३० जून १९६० रोजी बेल्जियमने राज्य सोडले तेव्हा एवढ्या अवाढव्य देशात काँगोली डॉक्टर एकही नव्हता. एकही! वाचकांनी क्षणभर आपल्याकडे पाहावे. इंग्रज गेला त्याच्या शंभर वर्षे आधी मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले होते. मुयेंबे १९६२ साली वैद्यकशाखेत गेले आणि १९६९ साली डॉक्टर झाले. पुढे बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठात विषाणुशास्त्राची डॉक्टरेट मिळवून १९७३ च्या सुमारास ते परतले.

परतले म्हणजे कशात? पेशी वाढवण्याची सोय नाही, प्रयोगाला जनावरे नाहीत, रसायने नाहीत. विषाणुशास्त्राचा पंडित, पण विषाणू पाहणार कशाने? बाहेर शिकून घरी परतणाऱ्या संशोधकाचे हे दुखणे सगळीकडे सारखेच असते. तेथे शिकलेली विद्या येथे कपाटात ठेवावी लागते आणि जे हाताशी आहे ते करावे लागते. मुयेंबे जंतुशास्त्र शिकवू लागले.

१९७६ च्या सप्टेंबरात उत्तरेकडून बातमी आली. यांबुकू नावाच्या खेड्यात बेल्जियन जोगिणींचे एक मिशन इस्पितळ होते, १२० खाटांचे. तेथे माणसे तापाने आणि रक्तस्रावाने पटापट मरत होती. यांबुकूला मी गेलो नाही. किन्शासाहून ते हजार किलोमीटरहून दूर आहे आणि वाटेतली निम्मी वाट नावापुरतीच वाट आहे. सरकारने मुयेंबे यांना पाठवले. विषमज्वर असावा, पीतज्वर असावा, असा तर्क होता. त्यांनी रोग्यांचे रक्त काढले, हातमोज्यांशिवाय, कारण हातमोजे नव्हतेच. सुई काढली की एरवी टिपूस येतो आणि थांबतो. येथे रक्त वाहतच राहिले आणि त्यांची बोटे त्यात भिजली. मृतांच्या यकृताचे तुकडेही त्यांनी घेतले. मग साबणाने हात धुतले. एवढ्यावर हा माणूस वाचला हे नवलच म्हटले पाहिजे.

त्या इस्पितळात रोज सकाळी पाच सुया आणि पाच पिचकाऱ्या बाहेर काढल्या जात. बाहेरच्या रोग्यांना दिवसभर त्यांच. मध्ये कोमट पाण्याने विसळायच्या, झाले. १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ मेले आणि इस्पितळ बंद करावे लागले. साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० गेले.

आजारी पडलेल्या एका जोगिणीला मुयेंबे यांनी किन्शासाला आणले. तिच्या रक्ताचे नमुने थर्मासमध्ये घालून विमानाने बेल्जियमला, अँटवर्पला गेले. पोचेपर्यंत त्यांतली एक कुपी फुटली होती. तेथे पीटर पिओ नावाचा २७ वर्षांचा तरुण डॉक्टर काम करीत होता. नमुने पुढे इंग्लंड-अमेरिकेत गेले, विषाणू अगदी नवा निघाला, आणि खेड्याला बट्टा लागू नये म्हणून त्याला दूरच्या एबोला नदीचे नाव दिले. पिओ थोर संशोधक झाले, यात शंका नाही. पण पुढे पुष्कळ वर्षे 'एबोलाचा शोध कोणी लावला' याचे उत्तर देताना अँटवर्पपासून सुरुवात होई. थर्मास कोणी भरला हे विचारायचे कोणाला सुचले नाही. त्या जोगिणीची किन्शासात शुश्रूषा करणारी मायिंगा नावाची काँगोली परिचारिका त्याच रोगाने गेली; विषाणूचा एक वाण जगभरच्या प्रयोगशाळांत तिच्या नावाने ओळखला जातो. काँगोली नाव राहिले ते असे, बाटलीवरच्या चिठ्ठीत.

किन्शासाहून किकवीत सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. मोटारीने दिवस जातो. मैलोगणती गवताळ पठार, मग एकदम खोल दरी आणि तळाशी तपकिरी नदी, मग पुन्हा पठार. रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती उभी करून पोरे गिऱ्हाइकाची वाट पाहतात. क्विलू नदीवरचे किकवीत हे मुयेंबे यांच्या मुलखातलेच शहर. १९९५ साली येथल्या इस्पितळात प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञाच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, आणि शस्त्रक्रिया करणारेच एकामागून एक आजारी पडले. रक्ती हगवण असावी असे सगळे धरून चालले होते. मुयेंबे आले, आणि यांबुकू पाहिलेल्या डोळ्यांना शंका आली. नमुने पुन्हा परदेशीच पाठवावे लागले. आधी अँटवर्प, तेथून अमेरिकेत अटलांटा. एकोणीस वर्षे लोटली होती, पण थर्मासचा रस्ता तोच. ३१५ जणांना लागण झाली, त्यांतले ८० आरोग्यसेवक.

किकवीतला मुयेंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडस केले. बरे झालेल्यांचे रक्त त्यांनी आठ रोग्यांना दिले. सात वाचले. परदेशी शास्त्रज्ञ म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत. तुलनेला दुसरा गट कोठे आहे? हे रोगी साथीच्या शेवटी आले, त्यांची काळजीही अधिक घेतली गेली. खरे सांगायचे तर आक्षेप खोटा नव्हता. पुढे २०१५ साली गिनीत बरे झालेल्यांचा रक्तद्रव देऊन रीतसर पाहिले, तर म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. पण हट्ट आणि कुतूहल यांत फरक असतो. रक्तात काहीतरी आहे ही कल्पना मुयेंबे यांनी सोडली नाही. २००६ साली, म्हणजे साथीनंतर अकरा वर्षांनी, किकवीतच्या एका वाचलेल्या माणसाच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये अजून सापडली. त्यांतले एक अमेरिकन आणि स्विस प्रयोगशाळांनी वेगळे काढले आणि औषध तयार झाले.

२०१८ साली पूर्व काँगोत मोठी साथ आली. या वेळी नमुने किन्शासाला याच संस्थेत आले आणि निदान येथेच झाले. साथ चालू असतानाच, बंदुकांच्या आवाजात, चार औषधांची रीतसर चाचणी झाली, ६८१ रोगी. किकवीतच्या रक्तातून आलेले औषध आणि दुसरे एक, ही दोन इतकी सरस ठरली की ऑगस्ट २०१९ मध्ये बाकीची दोन थांबवली. जुन्या औषधावर निम्मे रोगी दगावत होते. या दोन्हींवर सुमारे एकतृतीयांश, आणि लवकर आलेल्यांत त्याहून कितीतरी कमी. त्या शोधनिबंधावर पहिले नाव साबुए मुलांगू या काँगोली डॉक्टरांचे आहे. संशोधकांच्या दुनियेत पहिल्या नावाला केवढा मान, हे त्या धंद्यातल्यांनाच विचारावे. त्याच वर्षी जुलैत, वयाच्या ७७ व्या वर्षी, मुयेंबे यांच्याकडे साथनिवारणाची सगळी सूत्रे आली, आणि त्यांनी बजावले की, रक्ताचे नमुने यापुढे देशातच राहतील. अभ्यास करायचा त्याने येथे यावे. साथ जून २०२० मध्ये आटोक्यात आली. तोवर २,२८७ माणसे गेली होती.

औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. नाव एबांगा. ते बनवण्याचा परवाना फ्लोरिडातल्या एका कंपनीकडे आहे. किकवीतच्या बाजारात मी भुईमूग विकत घेत होतो तेव्हा ही गोष्ट मनातून जाईना.

नव्या पिढीची चाल वेगळी आहे. प्लासिद म्बाला हे त्यांतलेच एक. विषाणूची जनुकीय अक्षरे वाचणारी यंत्रे आता या संस्थेत आहेत, आणि ती चालवणारे हात काँगोली आहेत. माणसाला झालेली माकडदेवी जगात पहिल्यांदा ओळखली गेली ती याच देशात, १९७० साली, नऊ महिन्यांच्या मुलात. देवीचे निर्मूलन झाले, लस टोचणे थांबले आणि माकडदेवी हळूहळू पसरत राहिली. पण ती काँगोच्या जंगलातली, म्हणून कोणी फारसे पाहिले नाही. २०२३ च्या अखेरीस पूर्वेकडल्या कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात ती निराळीच वागू लागली. जनावरापासून नव्हे, माणसापासून माणसाला, तरुणांत, भराभर. म्बाला आणि त्यांच्या सोबत्यांनी विषाणूचा नवा वाण उलगडून दाखवला, आणि १४ ऑगस्ट २०२४ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी पुकारली. लशी मात्र श्रीमंत देशांच्या कोठारांत होत्या. त्या काँगोत पोचायला सप्टेंबर उजाडला.

आणि कामितुगा? तेथून किन्शासा दीड हजार किलोमीटर. नमुना गावातून मोटारसायकलवर निघायचा, रस्ता पावसात वाहून गेलेला, मग विमान मिळेल तेव्हा, आणि वाटेत बर्फ वितळायला नको. उत्तर येईपर्यंत रोगी घरी गेलेला असायचा, किंवा बरा झालेला, किंवा नाही. अँटवर्पला जाणाऱ्या थर्माससंबंधी किन्शासात जी तक्रार होती, तीच आता कामितुगातल्या परिचारिका किन्शासासंबंधी करू शकतात. गोमा शहरात संस्थेने शाखा काढली होती, ती याच कारणासाठी. जानेवारी २०२५ मध्ये बंडखोरांनी गोमा घेतले, पुढच्याच महिन्यात बुकावू. त्यानंतर कामितुगाच्या बाटलीचा रस्ता आणखी लांबला.