काट्याची उलटतपासणी

चारचाकी चालवणाऱ्या बहुतेकांची नजर वेगावर आणि पेट्रोलवर असते. कोपऱ्यात ‘सी’ आणि ‘एच’ या अक्षरांमध्ये हलणाऱ्या छोट्या काट्याकडे फारसं कुणी बघत नाही. आम्हा कोकणातल्या लोकांना मात्र बघावं लागतं. चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट चढायचा. अम्मीला हृदयाच्या तपासणीसाठी दर महिन्याला मी माझ्या जुन्या गाडीतून कराडला नेते. म्हणून घाटात तो काटा ‘एच’वर जाऊ लागला, तेव्हा काळजी फक्त गाडीची नव्हती.

पहिल्या वेळी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. वाफ नव्हती, पाणी कुठून गळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तिथे बॉनेट उघडण्याआधीच निकाल लागला. “मॅडम, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल.” मी विचारलं, “कशावरून?” उत्तर आलं, “काटा दाखवतोय ना!”

सांगितलेला खर्च मोठा होता. मी गाडी आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्री चाचांकडे नेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, काटा म्हणजे इंजिन नाही. काटा फक्त गवाह आहे. आधी गवाहाला तपासू.”

हा गवाह कसा बोलतो, तेही त्यांनी समजावलं. इंजिनात फिरणाऱ्या पाण्यात एक छोटा सेन्सर बुडालेला असतो. पाणी तापलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो, त्यामुळे वायरमधून जास्त वीज वाहते आणि काटा वर चढतो. ती वायर मध्येच कुठे गाडीच्या पत्र्याला चिकटली, तर पाणी थंडगार असलं तरी काटा थेट ‘एच’ गाठतो. उलट वायर तुटली, तर इंजिन कितीही तापो, काटा ‘सी’वरच पडून राहतो.

चाचांनी मला एकच प्रश्न विचारला, “काटा हळूहळू चढतो की उडी मारतो?” मी म्हटलं, “वळणावर खड्डा आला की एकदम उडी मारतो, मग खाली येतो.” ते हसले. लिटरभर पाणीसुद्धा चुलीवर एका क्षणात उकळत नाही, मग एवढं लोखंड कसं तापेल?

आधी त्यांनी गॅस्केटची लक्षणं पाहिली. थंड इंजिनात कूलंटची पातळी बरोबर होती, त्यात बुडबुडे येत नव्हते. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. मग इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली आणि वायर हलवली. रात्रभर थंड पडलेल्या गाडीचा काटा ‘एच’वर! सेन्सरवरून वायर काढली, तरी काटा खाली येईना. म्हणजे सेन्सर निर्दोष, दोष वायरमध्येच. एका पट्टीवर घासून तिचं आवरण फाटलं होतं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकत होतं. नवा तुकडा जोडला, वर नळी चढवली. चहा थंड होण्याआधी काम झालं.

गाडी परत देताना चाचांनी बजावलं, “काटा वर गेला की गाडी थांबवायचीच. तपास नंतर. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं.” शांत काट्यावरही आंधळा विश्वास नको. कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन जळत असतानाही काटा कमी तापमान दाखवू शकतो. नव्या गाड्यांत सेन्सर कॉम्प्युटरला जोडलेला असतो. तिथे वायरी ओढत बसू नये, स्कॅनर लावून आकडा वाचून घ्यावा.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून चाचांचा तो गवाह डोक्यातून जात नाही. उर्दू शाळेतून आमच्याकडे आलेली एक मुलगी विज्ञानाच्या तासाला गप्प असायची. चाचणीत शून्य. स्टाफरूममध्ये निकाल लागला होता, ‘कच्ची आहे.’ मी तोच प्रश्न तिला उर्दूत विचारला, पाण्याची वाफ कशी होते? तिने सगळं सांगितलं, वर ढग कसे बनतात तेही सांगितलं. डोक्यात सगळं होतं, मराठीपर्यंत येणारी वायर तेवढी जोडायची होती. आता ती रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं माझ्याजवळ बसते. दोन्ही भाषांतले शब्द वहीत समोरासमोर लिहिते.