हवापाणी

'फेंगशुई' या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे. फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. एवढ्या गूढ वाटणाऱ्या विद्येचे नाव इतके घरगुती असावे याचे मला प्रथम आश्चर्य वाटले; पण मग लक्षात आले की आपल्याकडेही हा शब्द केव्हापासून आहे. एखाद्या गावचे हवापाणी मानवले किंवा मानवले नाही, असे आपण म्हणतो तेव्हा माणूस आणि जागा यांच्यात चाललेला एक न दिसणारा व्यवहारच सांगत असतो. फरक इतकाच की आपण हवापाणी बदलायचे म्हणून माणसाला उचलून पाचगणीला पाठवत असू. चिनी माणूस घर बांधण्याआधीच वारा आणि पाणी पाहत असे.

घरही नंतरचे. या विद्येचा जुना आधारग्रंथ म्हणून ज्याचे नाव घेतात तो 'झांगशू' हा दफनाचा ग्रंथ आहे. परंपरा तो ग्वो पू (२७६-३२४) या पंडिताच्या नावावर घालते. त्यातील मूळ कल्पना अशी की 'ची' नावाचे प्राणतत्त्व वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून वारा अडेल आणि पाणी जवळ असेल अशा जागी मृताला ठेवावे. पाठीशी डोंगर, समोर मोकळी जागा आणि पाणी, दोन्ही बाजूंना टेकड्यांचे हात. पूर्वजांना अशी जागा लाभली तर वंशजांचे बरे होते. मृतांचे घर ते 'यिन' घर आणि जिवंतांचे ते 'यांग' घर, आणि दोन्हींचा हिशेब एकाच वहीत. घरातील सौख्याचा हा विचार मेलेल्या माणसांना कोठे ठेवायचे या प्रश्नापासून सुरू झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. का, ते पुढे येईलच.

दिशांची गंमत याहून मोठी आहे. चिनी भाषेत होकायंत्राचे नाव 'दक्षिण दाखवणारी सुई' असे आहे. सुईचे एक टोक उत्तरेकडे असते म्हणून आपण तिला उत्तर दाखवणारी म्हणतो, चिन्यांनी दुसरे टोक पाहिले. सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसे आणि चांगल्या घराचे तोंडही दक्षिणेकडे असे. याला भूगोलाचाही आधार आहे. बीजिंग ४० अक्षांशांवर. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा, बोचरा वारा येतो आणि कललेले ऊन दक्षिणेकडून मिळते. आपल्याकडे मात्र दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून झोपू नये आणि शक्यतो तिकडे दारही असू नये. ठाण्यातील आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दक्षिणमुखी दारामुळेच आम्हाला थोडा स्वस्त मिळाला होता. म्हणजे एका शास्त्राने जे वर्ज्य ठरवले तेच दुसऱ्याने उत्तम मानले, आणि आमच्या दक्षिणेच्या दारातून ऊन न येता फक्त जिना येतो, याची दोघांनाही कल्पना नव्हती.

बीजिंगच्या जुन्या चौसोपी घरांचे, 'सिहेयुआन'चे, आराखडे पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. मुख्य दार आग्नेय कोपऱ्यात. आत शिरताच समोर एक आडोशाची भिंत, म्हणजे बाहेरच्याची नजर थेट चौकात जात नाही. उत्तरेची, दक्षिणाभिमुख खोली सर्वांत चांगली, ती वडीलधाऱ्यांची. पूर्व-पश्चिमेच्या सोप्यांत मुलगे आणि त्यांचे संसार. मुली मागच्या बाजूला, नोकर दाराशेजारच्या उत्तराभिमुख खोल्यांत. आपल्या वाड्यांतील ओसरी, माजघर आणि शेजघर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे परके वाटणार नाही. ऊन कोणाला किती मिळणार हे येथे नात्यावरून ठरते. घरात सुसंवाद असावा असे जेव्हा हे शास्त्र म्हणते, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या खोलीत राहावे असेही ते म्हणत असते. वर्गात एखाद्या कादंबरीतील घराविषयी बोलताना मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारते, की या घरात खिडकी कोणाच्या वाट्याला आली आहे? अनेकदा कथानकापेक्षा या प्रश्नाने अधिक उलगडते.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात आणि २००० च्या आगेमागे जी फेंगशुई आली ती मात्र डोंगर, नदी, चौक सगळे गाळून आली. ते साहजिकच होते. टॉवरच्या नवव्या मजल्यावर पाठीशी डोंगर कोठून आणणार? मग डोंगराऐवजी वस्तू आल्या. पितळी नळ्यांची पवनघंटा, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक, 'लकी बांबू'. हा बांबू वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू नाहीच. तो ड्रसीना कुळातला, मूळचा आफ्रिकेचा. 'लाफिंग बुद्धा' हाही शाक्यमुनी बुद्ध नव्हे. दहाव्या शतकातील बुदाई नावाचा झोळीवाला, ढेरपोट्या चिनी भिक्षू लोकांनी मैत्रेयाचा अवतार मानला, त्याची ती मूर्ती. दुकानात सोन्याच्या मोहरांनी भरलेले एक जहाजही मिळते आणि विक्रेता बजावून सांगतो की त्याचे तोंड घराच्या आतल्या बाजूस ठेवा. या जहाजाचा एक जुना पूर्वज सापडतो. 'लू बान जिंग' हा मिंग काळातील सुतारकामाचा ग्रंथ. क्लास राउटनबेक यांनी १९९३ साली इंग्रजी भाषांतरासह त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोजमापे आहेत, मुहूर्त आहेत, आणि शेवटी सुतारांच्या करणीचे एक प्रकरण आहे. तुळईच्या सांध्यात छोटी नाव लपवावी. तिचे नाक आत असेल तर धन येते, बाहेर असेल तर जाते. मालकाने मजुरी देताना कुरकुर केली तर नाव कोणत्या बाजूला वळेल हे सांगायला नको. मालकांसाठी उतारेही तेथेच दिले आहेत. मला हे प्रकरण फार आवडते. भिंतीआड लपवलेली वस्तू म्हणजे येथे घर बांधणारा आणि घरात राहणारा यांच्यातील न बोललेली तक्रार आहे.

हे सारे मी वाचले ते नंतर. आमच्या घरात फेंगशुई आली ती २००६ साली, ताईंच्या पिशवीतून. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. ताईंनी पुण्यात दोन दिवसांचा कसलासा वर्ग केला होता. त्या आल्या त्या पवनघंटा, तीन काड्यांचा बांबू, हसरा बुदाई आणि प्लॅस्टिकचे एक होकायंत्र घेऊन. माझे सासरे, नाना, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. देवपूजाही सासूबाईंच्या भिडेखातर करणारा माणूस. आता खटका उडणार असे धरून मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर ताई हॉलच्या मध्यभागी होकायंत्र घेऊन उभ्या होत्या आणि नाना खाटेवरून म्हणत होते, "अगं, त्या लोखंडी कपाटापासून लांब हो. सुई ओढतंय ते." ताई दोन पावले सरकल्या. नाना उठले. "तशी नको धरू. छातीपाशी धर, सपाट. खिडकीची जाळीही लोखंडीच आहे." मग कपाटातून त्यांची जुनी टेप निघाली. पुढचे दोन तास बापलेकींनी आमचे साडेपाचशे चौरस फूट मोजले. नाना आकडे सांगत होते, ताई आलेखाच्या कागदावर लिहीत होत्या, मध्येच नाना कागद ओढून घेऊन रेघ सरळ करीत होते. सासूबाईंच्या तेराव्यानंतर त्या दोघांना एकमेकांशी इतके बोलताना मी पाहिले नव्हते. फोनवर तब्येत आणि पाऊस याच्या पुढे त्यांचे जात नसे.

नानांची खाट हॉलमध्ये होती. उशी उत्तरेच्या भिंतीशी आणि पाय थेट दाराकडे, दक्षिणेला. चांगली पलीकडच्या भिंतीशी असलेली खाट त्यांनी तेराव्यानंतर स्वतः ओढून तेथे आणली होती. दोन्ही शास्त्रांत याहून वाईट जागा सापडणे कठीण. पण आम्हाला सर्वांनाच ठाऊक होते की रुग्णालयातून आणल्यावर सासूबाईंना त्याच जागी ठेवले होते. ठाऊक होते आणि आठ महिन्यांत एकदाही कोणी ते उच्चारले नव्हते. माझ्या पतींनी एकदा, येथे वारा लागतो, असे म्हणून पाहिले. नाना काही बोलले नाहीत.

ताईंनी वही उघडली आणि वाचल्यासारखे करून म्हणाल्या, "नाना, पाय दाराच्या सरळ रेषेत नसावेत असं म्हणतात. चिनी लोक म्हणतात, माणसाला शेवटी असंच नेतात."

थोड्या वेळाने नाना म्हणाले, "तिलाही तसंच नेलं."

एवढेच. ताई रडल्या, नाना टेपची पट्टी आत जाऊ देत बसले. 'ऊर्जा' हा शब्द मला त्यापूर्वी केवळ भोंगळ वाटत असे आणि आजही विज्ञानाच्या अंगाने मला तो भोंगळच वाटतो. पण वडिलांना "आईच्या जागी झोपून तिच्यासारखं जाण्याची वाट पाहू नका" असे सांगणारे वाक्य आपल्या घरांत बोलले जात नाही. ते ताईंना चिनी लोकांच्या तोंडून बोलता आले. मृतांच्या जागेपासून सुरू झालेले हे शास्त्र आमच्या घरात नेमके त्याच जागी उपयोगी पडले, वर्ग घेणाऱ्यांनी तसे काही शिकवले नसतानाही.

खाट हलवायला नाना तयार झाले ते एका अटीवर. "दार दिसलं पाहिजे." ताईंच्या वहीतही हेच होते, की पलंगावरून दार दिसावे पण पलंग दाराच्या रेषेत नसावा. खाट काटकोनात फिरली. डोके पूर्वेला, डाव्या हाताला दार, उजव्या हाताला उत्तरेची खिडकी.

त्या खिडकीपाशी माझे टेबल होते. उत्तरेचा उजेड सावली न पाडणारा, दिवसभर सारखा. पेपर तपासायला आणि वाचायला त्याच्यासारखा उजेड नाही. टेबल स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी गेले. याविषयी चर्चा झाली नाही, कारण ती होण्यासारखी नव्हती, आणि मीही ती काढली नाही. नंतर ताईंच्या आलेखाच्या कागदावर त्यांनी आखलेले नऊ चौकोन मी पाहिले. धनाचा कोपरा होता, कीर्तीचा होता, विवाहाचा, अपत्यांचा, विद्येचाही होता. विद्येचा चौकोन नेमका न्हाणीघरावर आला होता. त्यावर उतारा म्हणून आम्ही दार बंद ठेवू लागलो, जे एरवीही ठेवत होतोच.

फ्रिजच्या घरघरीत मी त्या वर्षी त्साओ श्वेचिनच्या अठराव्या शतकातील महाकादंबरीचा पहिला खंड वाचला, डेव्हिड हॉक्स यांच्या भाषांतरात. 'द स्टोरी ऑफ द स्टोन' हे त्या भाषांतराचे नाव. खंड १९७३ चा. सतराव्या प्रकरणात ज्या घराण्यातील बाप ज्या जंग आपला मुलगा बाओ-यू याला घेऊन नव्याने बांधलेली भव्य बाग पाहतो. राजवाड्यात गेलेली थोरली लेक एका दिवसासाठी माहेरी येणार म्हणून ती बाग. बरोबर बापाची री ओढणारे पंडित आहेत. एका ठिकाणी गवताने शाकारलेल्या झोपड्या, फुललेली झाडे, विहीर, असे खोटे खेडे उभे केले आहे. बापाला ते फार आवडते. येथे येऊन शेती करावीशी वाटते, असे काहीसे तो म्हणतो. मुलगा म्हणतो, हे कृत्रिम आहे. जवळ शेजारगाव नाही, मागच्या टेकडीला शीर नाही, समोरच्या पाण्याला उगम नाही.

डोंगराची शीर आणि पाण्याचा उगम ही फेंगशुईचीच भाषा. पण बाओ-यू ती शुभाशुभासाठी वापरत नाही, समीक्षकासारखी वापरतो. त्याचे म्हणणे असे की वस्तू सुंदर असूनही खोटी ठरते, कारण तिच्या आजूबाजूच्या कशाशीच तिचे नाते नसते. दुकानातील जहाजाविषयी याहून नेमके मला काही सांगता येणार नाही. पण मला त्या प्रसंगातले पुढचे अधिक आवडते. बाप संतापून मुलाला हाकलून द्यायला सांगतो. मुलगा दोन पावले जातो न जातो तोच बाप पुन्हा ओरडतो, परत ये, आणि येथल्यासाठी आणखी एक ओळ रच, वाईट जमली तर थोबाडीत बसेल. त्या घराण्याजवळ सर्वोत्तम बाग होती आणि पुढे कादंबरीत ते घराणे धुळीला मिळते. बागेची दिशा चुकली म्हणून नव्हे. उधळपट्टी, कर्जे, आणि हुकुमाखेरीज दुसऱ्या भाषेत बोलू न शकणारी वडील माणसे.

ताईंची पवनघंटा नानांनी तीनदा काढली, दुपारची झोप मोडते म्हणून. ताई प्रत्येक खेपेला ती पुन्हा बांधत. बांबूचे पाणी मात्र नाना स्वतः दर रविवारी बदलत. हा बांबू नाही, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी पाने निरखून पाहिली आणि "पेरं आहेत की" म्हणाले.

नाना २०११ मध्ये गेले. पंधरवड्यानंतर ताईंचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तुझं टेबल आता खिडकीशी ने. फक्त पाठ दाराकडे येऊ देऊ नकोस, मागून कोण आलं कळत नाही, अस्वस्थता येते म्हणतात." माझ्या टेबलाची गोष्ट त्यांच्या लक्षात होती, हे मला त्या दिवशी कळले. टेबल त्याच रविवारी हलवले. खिडकी उत्तरेला आणि दार दक्षिणेला असल्याने उजेड समोर हवा असेल तर पाठ दाराकडे येतेच. ताई आल्या की मी खुर्ची थोडी तिरपी करून ठेवते.