चॅनल बदल यार

2018 सालच्या हिवाळ्याच्या तोंडावरची शनिवारची रात्र. जुन्या नाशकातलं आमचं दोन खोल्यांचं घर. अम्मी पलंगावर तसबीह घेऊन बसलेली, आपा मुलांना घेऊन आलेली, बायको चहाच्या तयारीत, आणि टीव्हीवर 'सा रे ग म प' चाललेलं. माझा एक जुना मित्र आला होता. बी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. तो इंग्रजी शिकवतो, मी उर्दू. शाळा वेगळ्या, पण शनिवारचा चहा सहसा चुकत नाही.

त्या रात्री स्टेजवर सुशांत दिवगीकर आला. 'राणी कोहेनूर' या नावाने, झगमगीत पेहराव, दागिने, चेहऱ्यावर पूर्ण साजशृंगार. मुंबईचा हा कलावंत 2014 साली 'मिस्टर गे इंडिया' झाला होता, त्याच वर्षी 'बिग बॉस'मध्येही होता. त्यामुळे नाव ऐकलेलं होतं. पुढे त्या कलावंताने आपली ओळख आणखी वेगळ्या शब्दांत सांगितली. मी इथे फक्त त्या रात्रीपुरतं बोलतोय. गाणं सुरू झालं, आणि एकाच गळ्यातून एकदा बाईचा आणि एकदा पुरुषाचा आवाज निघू लागला. अम्मीची तसबीह थांबली. "आवाज में दम है," ती म्हणाली. माझा भाचा मात्र हसत सुटला. आणि माझा मित्र हलक्या पण कडक आवाजात म्हणाला, "चॅनल बदल यार."

मी चॅनल बदललं. पण चहा होईपर्यंत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. कारण त्या खोलीत त्या गायकाच्या बाजूने बसायला हवा होता असा एकच माणूस मला ठाऊक होता, आणि चॅनल बदलायला त्यानेच सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी गंगापूर धरणाच्या वाटेवर मोटरसायकल थांबवून त्याने मला स्वतःबद्दल सांगितलं होतं. घरचे निकाहाची घाई करत होते आणि तो प्रत्येक स्थळाला खोट काढत होता. का, ते त्या संध्याकाळी कळलं. मी फार शहाणपणाने वागलो असं नाही. "तौबा" हा शब्द तोंडातून निघाला, मग गप्प बसलो, मग म्हणालो, "चल, चाय पीते." दीनच्या बाजूने काय म्हणायचं ते सांगणारे उलेमा आहेत, मी तो अधिकार घेत नाही. मी शिक्षक आहे आणि तो माझा मित्र आहे, एवढ्याच नात्याने हे लिहितोय. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी खुणा बदलायला सांगितल्या, त्या बदलल्या.

तर प्रश्न असा होता की जो माणूस आयुष्यभर आपल्यासारखं कुणी दिसावं म्हणून झुरला, तो तसा माणूस समोर गायला उभा राहिल्यावर तोंड का फिरवतो? त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने कलम 377 बद्दलचा निकाल दिला होता. 2009 साली दिल्ली हायकोर्टाने दिलेला आणि 2013 साली सुप्रीम कोर्टाने काढून घेतलेला दिलासा पुन्हा मिळाला होता. मला वाटलं होतं, आता हा थोडा मोकळा होईल. विचारलं तर म्हणाला, "तुला नाही कळणार." आणि दोन शनिवार आलाच नाही.

उत्तर मिळालं ते पुढच्या वर्षी, मालेगावचा मुशायरा ऐकून परत येताना. पहाटेची एसटी, राहुड घाट ओलांडून चांदवडला थांबलेली. मुशायऱ्याची नशा अजून उतरली नव्हती. मी सहज म्हणालो की काल त्या तरुण शायराने जो शेर तरन्नुममध्ये म्हटला त्याला काय दाद मिळाली! तो म्हणाला, "दाद कुणी दिली बघितलंस? पुढच्या रांगेतले हाजीसाहेब, मागचे लूमवाले कारीगर, कॉलेजची पोरं. प्रत्येकाचा महबूब वेगळा. शेर एकच." मग जरा थांबून म्हणाला, "त्या मंडपात मीही बसलो होतो, आणि मला कुणी विचारलं नाही की तू कुणासाठी वाहवा केलीस."

इथे मला माझा वर्ग आठवला. दहावीला गझल शिकवताना दर दोन-तीन वर्षांनी एखादा चौकस पोरगा विचारतोच, "सर, महबूब औरत है तो 'आया' क्यूँ, 'आई' क्यूँ नहीं?" माझ्याकडे तयार उत्तर असतं. फारसीत क्रियापदाला लिंग नसतं, उर्दूने ती रीत उचलताना पुल्लिंग धरलं, शिवाय परदानशीन बाईचा उल्लेख टाळणं हा अदब, आणि सूफींच्या बाबतीत महबूब म्हणजे अल्लाह. यातलं काही खोटं नाही. पण सगळं खरंही नाही, हे उर्दूत एम.ए. केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. मीरच्या दीवानात अत्ताराचा पोरगा आहे, तो पाठ्यपुस्तकात येत नाही. हालींनी 1893 साली 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त या रीतीवर कडक टीका केली, आणि फिराक गोरखपुरींनी पुढे गझलेच्या या बाजूचं समर्थन केलं. मी वर्गात हालींचं नाव घेतो. फिराकांचा हा भाग गाळतो.

मित्राचं म्हणणं त्या व्याकरणाशी जोडलेलं होतं. बेगम अख्तर गातात तेव्हा ती बाई असते, शायर पुरुष असतो, महबूब पुल्लिंगी असतो. या तिघांच्या मधल्या जागेत तो जाऊन बसतो आणि कुणाला दिसत नाही. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये दोन-अडीचशे गझला-ठुमऱ्या आहेत, बहुतेक बायकांनी गायलेल्या. मी गमतीने विचारलं, पुरुष गायक का नाहीत? म्हणाला, "पुरुष गातो तेव्हा तो माझा प्रतिस्पर्धी वाटतो. आणि तो माझ्यासारखा असेल तर मग संपलंच. आशिक को माशूक चाहिए, दूसरा आशिक नहीं."

आपल्याच मुलखातले एक मोठे अभ्यासक, सलीम किदवई (1951 ते 2021), यांची आठवण इथे येते. रूथ वनिता यांच्यासोबत त्यांनी 2000 साली भारतातल्या समलिंगी प्रेमाच्या साहित्यावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. स्वतःबद्दल त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पण त्यांच्याही प्रेमाचा विषय होता तो कोठ्यावरच्या गायिका. मलिका पुखराज यांचं आत्मचरित्र त्यांनी इंग्रजीत आणलं. स्वतः उघड असलेला माणूसही गाणं ऐकायला बाईच्या आवाजाकडेच गेला, याचं मला नवल वाटतं, आणि मित्राचं म्हणणं पटायला त्याने मदतही होते.

मित्राने दुसरं उदाहरण दिलं ते पाचगणीचं. एकदा त्याच्या शाळेची सहल महाबळेश्वर-पाचगणीला गेली होती. मुलं स्ट्रॉबेरी खात होती तेव्हा हा एकटाच सेंट पीटर्स शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आला. जगप्रसिद्ध 'क्वीन' बँडचा फ्रेडी मर्क्युरी त्या शाळेत शिकला. मूळ नाव फारुख बलसारा, झांझिबारमध्ये 1946 साली पारशी घरात जन्म. पाचगणीतच शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. हा माणूस लाखो लोकांपुढे स्टेजवर काय काय नखरे करायचा, पण मुलाखतीत सरळ कधी काही बोलला नाही. आपल्याला एड्स आहे हे त्याने जाहीर केलं 23 नोव्हेंबर 1991 ला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. "तो बोलला नाही म्हणून सगळ्यांचा झाला," मित्र म्हणाला.

त्याच काळात अमेरिकेत जोब्रायथ नावाचा गायक होता. 1973 साली मोठ्या कंपनीने त्याचा गाजावाजा केला, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर अवाढव्य फलक लावला. आपण कोण आहोत हे तो पहिल्या दिवसापासून ठणकावून सांगत होता. रेकॉर्ड विकल्या गेल्या नाहीत. इतरांनी नाकारलं हे समजू शकतं, पण ज्यांच्यासाठी तो उभा राहिला तेही धावून आले नाहीत. 1983 साली तो एड्सनेच गेला. उलट डेव्हिड बोवीने 1972 साली मुलाखतीत स्वतःला गे म्हटलं खरं, पण घरी बायको होती, मूल होतं. हो आणि नाही यांच्या मधे त्याने अंतर ठेवलं, आणि ऐकणाऱ्यांना त्या अंतरात उभं राहता आलं.

हे ऐकून मला आपला तमाशा आठवला. नाच्याला आपण शिट्ट्या मारल्या. बालगंधर्वांच्या साडीची नक्कल घराघरातल्या बायकांनी केली. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (1913) काढला तेव्हा तारामती झाले अण्णा साळुंके, आणि 'लंका दहन'मध्ये (1917) तर राम तेच आणि सीताही तेच. कुणाला खटकलं नाही. पदराआड पुरुष आहे हे प्रेक्षकांना माहीत होतं आणि पडदा पडला की तो पुरुष घरी जातो हेही. पण सोंग आहे असं सांगणारा पडदाच जेव्हा कुणी ठेवत नाही, तेव्हा आपली पंचाईत होते.

हे मी त्याला म्हणालो तेव्हा तो हसला. "मला शाळेत पोरं काय म्हणायची माहितेय? गणपत पाटील." मराठी चित्रपटातले नाच्याच्या भूमिका करणारे गणपत पाटील. बायकामुलं असलेला हा संसारी माणूस भूमिकेत इतका चपखल बसला की लोकांनी त्यांना आयुष्यभर त्याच नजरेने पाहिलं. 'रंगनाच्या' या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच ते दुःख आहे. मित्र सांगत होता, "तीन वर्षं ते नाव ऐकलं. मग चालणं बदललं, हात खिशात ठेवायला शिकलो, आवाज खाली आणला. तेरा वर्षांचा होतो. आणि त्या रात्री तुझ्या घरी टीव्हीवर तो आला. मी जे जे लपवायला शिकलो ते सगळं अंगावर घालून, दिव्याखाली उभा. तो वांद्र्याचा, आई-बाप त्याच्या पाठीशी उभे. मी चौक मंडईच्या गल्लीतला. त्याला मी माझा वकील नेमलेलं नाही. पण लोक त्याला बघून माझा निकाल लावणार."

एसटी सुरू झाली. पिंपळगाव मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "तुझा भाचा हसला, ते पोरगं आहे. मी तुझ्याकडे बघितलं. तूही हसलास."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण तो खोटं बोलत नाही. ओझरपासून द्वारका सर्कलपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

यावर नंतर मी पुष्कळ विचार केला. त्याचं सगळं मला मान्य नाही. फ्रेडीच्या गप्प राहण्याचं तो कौतुक करतो, पण त्या गप्प राहण्याची किंमत काय असते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे? जो बोलतो त्याने आपलं गाणं बिघडवलं असं म्हणणं हा त्या बोलणाऱ्यावर अन्याय आहे. शिवाय अशा गायकाला कुणीकडूनच सुटका नसते. अमेरिकेत 2009 साली अॅडम लॅम्बर्ट 'अमेरिकन आयडॉल'मध्ये दुसरा आला आणि लगेच आपण समलिंगी असल्याचं त्याने सांगितलं. तर समलिंगी वाचकांच्याच एका मोठ्या मासिकाच्या संपादकाने तक्रार केली की याला फार सौम्य करून दाखवलं जातंय. कुणाला जास्त वाटतो, कुणाला कमी. 2012 साली त्याचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला, उघडपणे समलिंगी असलेल्या गायकाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. 2019 साली लिल नास एक्सचं गाणं पहिल्या क्रमांकावर असतानाच त्याने स्वतःबद्दल सांगितलं आणि ते गाणं तिथून हललं नाही. म्हणजे नवे ऐकणारे तयार होतायत. मित्राच्या नववीतल्या मुलांच्या मोबाइलमध्ये ही गाणी असतात. ती कोण गातं याची त्यांना फिकीर नसते.

पण माझा मित्र नववीत नाही. तो पस्तिशी ओलांडलेला, शाळेत मस्टरवर सही करणारा, मोहल्ल्यात सलाम घेणारा माणूस आहे. त्याने चॅनल बदलायला सांगितलं ते त्या गायकामुळे, असं मी वर्षभर समजत होतो. खोलीत आम्ही सहाजण होतो हे मी धरलंच नव्हतं.

भाच्याला मी रागावलो नाही, कारण कुठल्या तोंडाने रागावणार होतो. वर्गात मात्र 'आया' की 'आई' हा प्रश्न गेल्या वर्षी पुन्हा आला तेव्हा तयार उत्तर दिल्यावर मी पुढे एक वाक्य जोडलं, की काही शायरांचा महबूब खरोखरच पुरुष होता आणि यावर आपल्या मोठ्या नक्कादांनी वाद घातलेत. मागच्या बाकावर खसखस पिकली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा अजिबात हसला नाही. तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. मी त्याच्याकडे जास्त वेळ बघितलं नाही.

या रमजानमध्ये तरावीहनंतर मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, ईदच्या सुट्ट्यांचं झालं. मग म्हणाला, "ते गाणं बघितलं. तेच, तुझ्या घरचं. मोबाइलवर, इयरफोन लावून."

मी विचारलं, "कसं वाटलं?"

"बाईच्या आवाजातून पुरुषाच्या आवाजात येतो ना, तिथे श्वास कुठे घेतो ते शोधत होतो. तीनदा मागे नेऊन बघितलं. सापडलं नाही."

शनिवारी येतो म्हणाला.